पहिली पंधरा मिनिटं

‘पुराना मंदिर’ मी पहिल्यांदा पाहिला तो सुरुवात सोडून. करंज्यात कुणाकडे तरी सत्यनारायणाची पूजा होती आणि ऐंशीच्या दशकातल्या रिवाजाप्रमाणे रात्री व्हिडिओ होता. उरणहून भाड्यानं आणलेला टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट. अंगणात गुंडाळून ठेवलेल्या जाळ्यांवर आम्ही पोरं, ओट्यावर बायका, मागं पुरुष उभे. पहिली कॅसेट देवाची, दुसरी मारामारीची आणि बारा वाजून गेल्यावर तिसरी, रामसेंची. नेमकं तेव्हाच मला शिऱ्याचं रिकामं पातेलं एका घरी पोचवायला पिटाळलं. परत आलो तेव्हा पडद्यावर शहरातलं एक जोडपं प्रेमात होतं आणि मुलीचा बाप नाही म्हणत होता. हे तर नेहमीचंच. पण माझ्या बाजूची पोरं एकमेकांना चिकटून बसली होती. काय झालं म्हणून विचारलं तर कुणी बोलेना.

मी तो सिनेमा शेवटपर्यंत पाहिला आणि मला भीती वाटली नाही. दात विचकणारा एक उंच माणूस मध्येमध्ये येत होता, माणसं मरत होती, धूर होता, त्रिशूळ होता. सगळं दिसलं, पण अंगाला काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी पोरं अंधार पडल्यावर विहिरीकडे जाईनात आणि मी मात्र शूर ठरलो. हे शौर्य फुकटचं होतं हे मला आतून ठाऊक होतं. त्यांच्याकडे असं काहीतरी होतं जे मला मिळालं नव्हतं.

ते मला आजीनं दिलं. ती ओट्यावर पहिल्या रांगेत होती. दुपारी सुकट निवडता निवडता तिनं मला राहिलेला भाग सांगितला. तिच्या सांगण्यात राजा नव्हता. मचव्यातून सासरी निघालेली एक मुलगी होती. ओहोटी लागली आणि रेवसच्या वाटेवर मचवा खाडीच्या चिखलात बसला. आता भरतीपर्यंत हलायचं नाही. सगळे वाट पाहत बसले, आणि मुलीला वाटलं, जरा पाय मोकळे करावेत. इथं आजी थांबली. मूठभर जवळा सुपात टाकला, त्यातलं एक खेकड्याचं पिल्लू उचलून बाहेर फेकलं, आणि मग म्हणाली की द्रोणागिरीच्या मागच्या अंगाला तेव्हा कुणी जात नसे. बस्स. त्या रात्री मी तिच्या पदराचं टोक धरून झोपलो.

पुढं वीस-बावीस वर्षांनी खरी सुरुवात पाहिली. दोनशे वर्षांपूर्वीचा काळ, बिजापूरचा राजा हरिमानसिंग (इतिहासाच्या शिक्षकांनी इथं डोळे मिटून घ्यावेत), काळ्या पहाडाजवळ थांबलेला त्याचा काफिला, ओसाड अवशेषांत एकटीच शिरलेली राजकुमारी आणि तिथला सैतानाचा उपासक सामरी. त्याला पकडतात, शिक्षा होते, मुंडकं धडावेगळं करून पेटीत बंद होतं, धड देवळामागं पुरलं जातं आणि मरता मरता तो शाप देतो: या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. आजीनं राजा गाळला, बिजापूर गाळलं, दरबार गाळला. पण काफिल्याचं थांबणं मात्र ठेवलं. इतकी वर्षं भयपट बघून मला आता वाटतं की काय ठेवायचं हे तिला बरोबर कळलं होतं.

या लेखाचा विषय तोच आहे. भयपटाचा दिग्दर्शक पहिल्या प्रसंगात नक्की काय रचत असतो? ‘घाबरवतो’ हे उत्तर अपुरं आहे. घाबरवायला पुढं दोन तास आहेतच. सुरुवातीला त्याला प्रेक्षकाशी एक व्यवहार ठरवून घ्यायचा असतो: गोष्ट कोण सांगतंय, कुणाला सांगतंय आणि ऐकणाऱ्याला इथून उठून जाण्याची मुभा आहे की नाही. आपल्याकडच्या, म्हणजे मुंबईत आणि मुंबईच्या आसपास घडलेल्या भयपटांचा इतिहास या तीन प्रश्नांच्या बदलत्या उत्तरांचा इतिहास म्हणून वाचता येतो.

* * *

सुरुवात मालाडला. ‘बॉम्बे टॉकीज’ 1934 साली हिमांशू राय आणि देविका राणी यांनी उभी केली, तेव्हा तिच्या तंत्रज्ञांत काही जर्मन होते. त्यातला एक योझेफ विर्शिंग, म्युनिकचा कॅमेरामन. ज्या जर्मनीत भिंतीवरची सावली हे पात्र म्हणून वावरायला शिकली, तिथून हा माणूस आला होता. महायुद्धात जर्मन म्हणून त्याला इंग्रजांनी नजरकैदेत ठेवलं. सुटून आल्यावर त्यानं ज्या सिनेमाला प्रकाश दिला, तो 1949 चा ‘महल’. दिग्दर्शक कमाल अमरोही, त्यांचा पहिलाच चित्रपट. संकलक बिमल रॉय.

‘महल’ला आपण भयपट म्हणावं की नाही यावर वाद घालता येईल. शेवटी भूत निघत नाही, माळ्याची मुलगी निघते. पण सुरुवातीपुरतं बोलायचं तर पुढच्या सगळ्यांचा तो पणजोबा आहे. वादळी रात्र. यमुनेकाठचा ओसाड महाल. लिलावात तो विकत घेतलेल्या घरचा मुलगा, अशोककुमार, तिथं येतो आणि म्हातारा माळी त्याला गोष्ट सांगतो. चाळीसेक वर्षांपूर्वी कुणा अनोळखी माणसानं हा महाल बांधला. कामिनी दिवसभर त्याची वाट बघायची, तो मध्यरात्री यायचा आणि उजाडायच्या आत जायचा. एका रात्री वादळात त्याची नाव बुडाली. बुडता बुडता त्यानं परत येईन असं सांगितलं. थोड्याच दिवसांत तीही गेली. गोष्ट ऐकून नवा मालक वर जातो. भिंतीवरची तसबीर खाली पडते. तो उचलून बघतो तर चेहरा त्याचाच.

आता अमरोहींपुढं पर्याय काय होते बघा. ते ही चाळीस वर्षांपूर्वीची कहाणी आधी पडद्यावर घडवून दाखवू शकले असते. तसं झालं असतं तर आपण नायकाच्या पुढं गेलो असतो. ती पडणारी तसबीर आपल्याला आधीच ओळखू आली असती. त्यांनी कहाणी नोकराच्या तोंडी दिली आणि ऐकणारा परका ठेवला. त्यामुळं आपण परक्याच्या पायांनी महालात शिरतो. तसबीर पडते तेव्हा त्याला जेवढं कळतं तेवढंच आपल्याला. आणि कळतं ते असं की ही गोष्ट जुन्या कुणाची नाही, ऐकणाऱ्याचीच आहे. उठून जाण्याची मुभा तिथंच संपते. आता हा मालक कलकत्त्याला जावो नाहीतर काशीला, तो या महालाचाच.

तसबिरीपाठोपाठ आवाज येतो. ‘आएगा आनेवाला’ची कथा अनेकदा सांगून झाली आहे, खुद्द लताबाईंनी सांगितली आहे, पण ती गाण्याची आठवण म्हणून सांगतात, मला ती दिग्दर्शनाचा धडा वाटते. आवाज लांबून जवळ येतोय असं वाटायला हवं होतं. आजच्यासारखी बटणं नव्हती. मग माइक खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि विशीच्या उंबरठ्यावरची ती मुलगी कोपऱ्यात उभी राहून सुरुवातीच्या ओळी गात गात माइककडे चालत आली. म्हणजे त्या आवाजातलं अंतर खोटं नाही. कुणीतरी खरंच चालत येतंय. संगीतकार खेमचंद प्रकाश चित्रपट लागण्याआधीच वारले. सुरुवातीच्या तबकडीवर गायिकेचं नाव ‘कामिनी’ असं होतं, म्हणजे पात्राचं. त्या काळी हे चालायचंच. पण रेडिओवर ऐकणाऱ्यांच्या दृष्टीनं मेलेली बाईच गात होती. एवढी परिणामकारक जाहिरात कुणाला ठरवून सुचली नसती.

भयाच्या बाबतीत डोळ्यापेक्षा कान आधी शरण जातो, हे खाडीकाठी राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. धुक्याच्या पहाटे लाँच कुठं आहे ते आधी ऐकू येतं. कधीकधी नुसतं ऐकूच येतं.

* * *

‘महल’नंतर पंधरा वर्षांनी राज खोसलांनी हाच व्यवहार रस्त्यावर आणला. ‘वह कौन थी?’, 1964. मुसळधार पावसाची रात्र, डॉक्टर आनंद (मनोजकुमार) गाडी चालवतोय, रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई (साधना). तो तिला गाडीत घेतो. गाडीचे वायपर बंद पडतात, त्याला पुढचं दिसेनासं होतं. तिला मात्र दिसतंय. ती त्याला वळणं सांगू लागते. ती त्याला नेते एका कब्रस्तानाच्या फाटकाशी, आणि फाटक आपोआप उघडतं.

लोकांना पांढरी साडी आठवते, फाटक आठवतं. माझ्या मते सगळी करामत त्या वायपरची आहे. तोवर परिस्थिती त्याच्या हातात होती. गाडी त्याची, स्टिअरिंग त्याच्या हातात, उपकार तो करतोय. एक क्षुद्र पट्टी काच पुसायची थांबते आणि उपकार करणारा आंधळा होतो. गाडी पळतेच आहे, फक्त आता ती बाई म्हणेल तशी. भयपटात यंत्र बंद पडतं ते आपण गोष्टीची सोय म्हणून सोडून देतो: काफिल्याला अडचण आली, गाडीचं पेट्रोल संपलं, फोन लागेना. खोसलांनी गाडी बंद पाडली नाही, नजर बंद पाडली. म्हणून तो प्रसंग साठ वर्षांनंतरही शिळा वाटत नाही.

‘वह कौन थी?’चाही शेवट कारस्थानात होतो, जुळ्या बहिणी वगैरे. ‘महल’प्रमाणे इथंही सुरुवातीला दिलेलं भूत शेवटी परत घेतलं जातं. स्वातंत्र्यानंतरच्या त्या काळाला साजेसंच ते. अंधश्रद्धा पहिल्या रिळापुरती, उजेड शेवटच्या रिळात. प्रेक्षक मात्र घरी जाताना पहिलं रीळ घेऊन जात.

ते भूत परत न घेण्याचा निर्णय ज्यांनी पुढं धंदा म्हणून केला, त्यांच्या गोष्टीत एक मराठी माणूस अडकलेला आहे, आणि तो असा आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1970 साली फ. उ. रामसे यांनी ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट काढला. दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. होय, ‘रणांगण’वाले. चित्रपट पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करतात असा एक प्रसंग होता. रामसे बंधू सांगत की थिएटरांत फिरताना त्यांच्या लक्षात आलं, लोक तेवढ्या एका प्रसंगासाठी येतायत, किंचाळतायत आणि तो संपला की उठून जातायत. मुलांनी बापाला सांगितलं की मग सगळा सिनेमा असाच का करू नये? 1972 साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. युनिट महाबळेश्वरला गेलं आणि सात भावांनी दिग्दर्शनापासून ध्वनीपर्यंत सगळं आपसांत वाटून घेतलं. बेडेकरांना आपण मराठी गद्याचे शिल्पकार म्हणून वाचतो. हिंदी भयपटाच्या पाळण्याची एक दोरी नकळत त्यांच्याही हातात होती, हे साहित्याच्या इतिहासात कुणी लिहीत नाही.

रामसेंनी सुरुवातीच्या व्यवहारात मोठा बदल केला. त्यांनी माळी काढून टाकला. ‘पुराना मंदिर’मध्ये (1984) दोनशे वर्षांपूर्वीचं पाप आपल्याला थेट दाखवलं जातं, मग एकदम वर्तमानात आणून सोडलं जातं. म्हणजे आता आपल्याला सगळं ठाऊक आणि पडद्यावरच्या पोरापोरींना काहीच नाही. ती प्रेमात पडली की आपण घाबरायचं, कारण प्रेमानंतर लग्न, लग्नानंतर बाळंतपण आणि बाळंतपणात शाप. माझ्या शेजारची पोरं एका साध्या प्रेमगीताला चिडीचूप का होती ते आता कळलं असेल. मला ते गाणं दिसत होतं, त्यांना त्या गाण्याचा शेवट दिसत होता.

याला कारणंही व्यवहाराचीच होती. हे सिनेमे लहान गावांत, जुन्या थिएटरांत चालायचे. प्रेक्षक उशिरा येणारा, बोलणारा, मध्येच बाहेर जाणारा. त्याला माळ्याचं लांबण ऐकवून चालणार नव्हतं. पहिल्या दहा मिनिटांत राक्षस दाखव, मग तो म्हणेल ते ऐकेन, असा हा सौदा. अनिरुद्ध अगरवाल यांचा उंच देह आणि लांबट चेहरा हा त्या सौद्यातला इसार. रामसेंची टवाळी करणं सोपं आहे आणि मीही ती पुष्कळ केली आहे. पण त्यांना प्रेक्षक नीट ठाऊक होता. जागाही त्यांनी नेमक्या हेरल्या. मुरूडचा नवाबाचा राजवाडा त्यांच्या कॅमेऱ्याला मानवला. आमच्या बाजूनं रेवसला उतरून अलिबागवरून पुढं गेलं की तो येतोच. म्हणजे पडद्यावरची हवेली कुठल्यातरी राजपुतान्यात नव्हती, आमच्याच किनाऱ्यावर एसटीच्या अंतरावर होती. आजीनं गोष्ट खाडीत आणली तेव्हा ती सत्यापासून फार लांब गेली नव्हती म्हणायची.

तरी आजीचं आणि रामसेंचं एका ठिकाणी पटलं नसतं. ती सामरीला आणायची घाई करत नसे. तिच्या गोष्टीत द्रोणागिरीच्या मागं काय आहे ते शेवटपर्यंत आलंच नाही. या बाबतीत ती स्पीलबर्गच्या पंथाची. ‘जॉज’ (1975) सुरू होतो तो रात्री समुद्रात पोहायला गेलेल्या मुलीपासून. मासा दिसत नाही. दिसते ती फक्त पाण्याच्या पृष्ठभागावर इकडून तिकडे ओढली जाणारी मुलगी. त्या अभिनेत्रीच्या अंगाला दोर बांधून माणसं ती ओढत होती. एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला दोर ओढणारे हात आणि मध्ये काळं पाणी. हा प्रसंग रापण ओढणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. फक्त त्यात जाळ्यात कोण आहे याची अदलाबदल झालेली असते.

आणि कार्पेंटरच्या ‘हॅलोविन’नं (1978) तिसराच डाव टाकला. सुरुवातीचा तो लांबलचक प्रसंग खुन्याच्या डोळ्यांतून दिसतो. आपण खिडकीतून डोकावतो, स्वयंपाकघरातून सुरी उचलतो, जिना चढतो. शेवटी मुखवटा निघतो आणि आतला खुनी सहा वर्षांचा पोरगा आहे हे कळतं. तोवर आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहत होतो. माळ्याची गोष्ट ऐकणं, पाप डोळ्यांनी पाहणं, आणि पाप आपल्या हातून होणं, असे हे टप्पे म्हणता येतील. पण काळाच्या ओळीत ते इतके नीट बसत नाहीत, आणि बसवायचा माझा आग्रहही नाही.

* * *

आता ‘तुंबाड’. 2018 साली 12 ऑक्टोबरला लागला, तेव्हा मोजक्या लोकांनी पाहिला. 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा लागला तेव्हा थिएटरं भरली. मधल्या सहा वर्षांत तो तोंडातोंडी पसरला होता, जी गोष्टीची जुनी रीत आहे. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण देणारं, पण कथा वेगळी. दिग्दर्शक राही अनिल बर्वे. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचे चिरंजीव.

या चित्रपटाचं मूळ राहींनी मुलाखतींत सांगितलं आहे. 1993 साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं त्यांना नारायण धारपांची ‘आजी’ ही कथा सांगितली. वाचली नव्हती, ऐकली होती. जंगलात, रात्री, चौदा वर्षांच्या मुलानं. पहिला खर्डा 1997 चा, चित्रीकरणाला प्रत्यक्ष सुरुवात 2012 ला, मग पुन्हा चित्रीकरण, आणि पडद्यावर 2018. पंचवीस वर्षं एक माणूस एका ऐकलेल्या गोष्टीची सुरुवात शोधत होता, असंही म्हणता येईल.

धारपांची ‘आजी’ ही स्टीफन किंगच्या ‘ग्रामा’ (1984) या कथेवरून बेतलेली. किंगच्या कथेत भावाचा अपघात होतो, आईला इस्पितळात जावं लागतं आणि लहान मुलगा अंथरुणाला खिळलेल्या भयंकर आजीसोबत घरात एकटा राहतो. तिथं एक नाव येतं, हास्टर. ते किंगनं लव्हक्राफ्टच्या परंपरेतून घेतलं. त्या परंपरेनं ते अँब्रोज बिअर्सकडून घेतलं, आणि बिअर्सच्या मूळ कथेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, तो मेंढपाळांचा एक भला देव होता. अमेरिकेतला हा कनवाळू देव हात बदलत बदलत, सव्वाशे वर्षांनी, कोकणातल्या पावसात सोन्याचा हावरट होऊन बसला. याला उचलेगिरी म्हणायची की परंपरा, हे मी ठरवणार नाही. आजीनं मचवा चिखलात घातला तेव्हा मी तिला स्रोत विचारला नव्हता.

‘तुंबाड’ला दोन सुरुवाती आहेत. पहिल्या पाहण्यात मला हे खटकलं होतं. पहिली सुरुवात निवेदनाची. समृद्धीची देवी, पृथ्वी हे तिचं गर्भाशय, तिचा लाडका पहिला मुलगा हस्तर, त्याची सोन्याची आणि धान्याची हाव, इतर देवांचा हल्ला, देवीनं त्याला दिलेला आसरा, कुणीही पूजा करायची नाही ही अट, आणि तुंबाडात त्याचं देऊळ बांधल्यामुळं न थांबणारा पाऊस. मला वाटलं, हे सगळं आधीच का सांगून टाकलं? माळी परत आला की! मग लगेच दुसरी सुरुवात: 1918, पावसात भिजलेलं घर, दोन लहान भाऊ, सरकारांच्या वाड्यावर राबणारी आई आणि कुलूपबंद खोलीत साखळदंडानं बांधलेली म्हातारी.

दुसऱ्यांदा पाहताना माझं मत बदललं. पहिल्या सुरुवातीतलं निवेदन कोण, कुणाला करतंय याकडे मी लक्षच दिलं नव्हतं. विनायक ते आपल्या मुलाला, पांडुरंगला, सांगतोय. आणि हा मुलगा आपल्याला दिसायला चित्रपट बराच पुढं जावा लागतो. बाप त्याला धंदा शिकवतो. आजा नातवाला जाळं कसं फेकायचं ते सांगेल तसं हा मुलाला त्या गर्भात कसं उतरायचं ते सांगतो. म्हणजे सुरुवातीला देवादिकांची वाटलेली गोष्ट खरं तर वारसाहक्काची कागदपत्रं आहेत आणि अंधारात बसलेले आपण त्या पोराच्या जागी आहोत. अमरोहींचा माळी परक्याला गोष्ट सांगत होता. बर्व्यांचा बाप वारसाला सांगतो. परका निदान परतीची गाडी पकडू शकतो. वारसानं कुठं जायचं?

आणि दुसरी सुरुवात, 1918 ची, मला आजवरच्या आपल्या भयपटांतली सगळ्यात पक्की वाटते. तिच्यात भय हे घरकाम आहे. म्हातारी भयंकर आहे, पण तिला वेळेवर जेवण द्यायचं आहे. जगातल्या कुठल्याही आजारी माणसाच्या घरात असतं तसं वेळापत्रक आहे: कुणी रांधायचं, कुणी आत जायचं, उशीर झाला तर काय. दिग्दर्शक आपल्याला राक्षस न दाखवता राक्षसाची उस्तवार दाखवतो. मुलांना तिची किळस येते आणि आईला तिचा कंटाळा आलाय. तो कंटाळा पाहून मी जास्त घाबरलो. इतकी वर्षं हे चाललंय की भीतीही जुनी झाली! पंकजकुमार यांचा कॅमेरा या घरात सूर्य येऊच देत नाही. पाऊस, ढगाळ उजेड, दिवे. हे चित्रीकरण अनेक पावसाळे चाललं. तो ओलावा भिंतींना पाणी मारून आणलेला नाही, हे ज्याच्या घराच्या भिंतीला जून ते सप्टेंबर बुरशी येते त्याला कळतं.

मग धाकटा झाडावरून पडतो, आई त्याला घेऊन निघते आणि थोरला एकटा उरतो. जेवणाची वेळ टळते. इथपर्यंत आपण नियम शिकलेले असतो, म्हणून नियम मोडल्याबरोबर अंगावर काटा येतो. कुणी ओरडायची गरज उरत नाही. त्यातला शेवटचा नियम तर फारच विलक्षण आहे: म्हातारी उठली तर तिला हस्तरच्या नावानं भीती घालून झोपवायचं. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आजी नातवाला बागुलबुवाच्या नावानं झोपवत आली. इथं लहान पोर आजीला झोपवतं. एवढी एकच उलटापालट, पण तिनं घर नावाची गोष्टच उलटी होते. हा चित्रपट पुढं पुण्यात, 1933 मध्ये, 1947 मध्ये कुठंही गेला तरी आपण त्या खोलीच्या दाराशीच असतो.

हाच डाव माझ्यावर खूप आधी खेळला गेला होता, फक्त तेव्हा मला तो ओळखता आला नव्हता. आमच्या आजीचा एक नियम होता. घरातलं कुणी दर्यावर असलं की ती भुताची गोष्ट सांगत नसे. चकवा, गिऱ्हा, हडळ, मुंजा, सगळे बंद. आम्ही हट्ट केला तर म्हणायची, “गप रं, दर्या आयकतंय.” तेव्हा वाटायचं, म्हातारी टाळतेय. गोष्ट सांगणाऱ्यानं आधी ऐकणारे मोजायचे असतात, आणि ऐकणाऱ्यांत समुद्र धरला तर गोष्ट बदलते, हा हिशेब तेव्हा डोक्यात शिरला नाही.

नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावरचे दिवस होते. काका दोन रात्रींसाठी गेलेला, तिसरी रात्र उलटत आली तरी होडी नाही. मी, नको तेव्हा, ती मचव्यातल्या मुलीची गोष्ट पुन्हा सांग म्हणून तिच्या मागं लागलो. ती रागावली नाही. ओट्यावर बसून राहिली. एका बाजूला ओएनजीसीच्या ज्वाळेचा लाल उजेड ढगांना लागलेला, दुसऱ्या बाजूला खाडी काळी. मी तिच्या मांडीवर कधी झोपलो कळलं नाही. पहाटे काका आला. मशीन बंद पडलं होतं, दुसऱ्या एका होडीनं ओढून आणलं. तो अंघोळ करून, भाकरी खाऊन झोपला.

त्या दुपारी आजीनं आपण होऊन गोष्ट काढली. मुलगी तीच, सासर तेच, द्रोणागिरीची मागची बाजूही तीच. पण या वेळी ओहोटी लागली नाही, मचवा चिखलात बसला नाही. भर पाण्यात, कुठलाच किनारा दिसत नसताना, मशीन बंद पडलं. आतल्या खोलीत काका घोरत होता. आजीनं त्या दिशेला एकदा पाहिलं, आवाज थोडा खाली आणला आणि पुढं सांगायला लागली.